केडी बघून टीम ओळखू नका: काउंटर-स्ट्राइकच्या सामन्यात टीमचा खेळ कसा वाचायचा?



सामना संपला की आपली नजर आपोआप कुठे जाते? स्कोअरबोर्डवर. सगळ्यात वर कोण, सगळ्यात खाली कोण, आणि मग लगेच निकाल: वरचा भारी, खालचा नूब. मीही हेच करायचो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आमची पाच जणांची टीम होती. एका स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरलो आणि त्याच रात्री, ज्याचे किल सगळ्यात कमी होते, त्या मित्राला आम्ही टीममधून काढलं. ग्रुपवर मेसेज टाकणारा मीच होतो. त्याचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

आज आपण बघणार आहोत की फर्स्ट पर्सन शूटरच्या सामन्यात टीम चांगली खेळली की वाईट, हे नेमकं कशावरून ठरवायचं. उदाहरण म्हणून मी एक जुना पण जबरदस्त सामना घेतोय.

बोस्टन, २८ जानेवारी २०१८

काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांना 'मेजर' म्हणतात. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये अगॅनिस अरीनात झालेल्या ईलीग मेजरची ही फायनल. एका बाजूला फेझ क्लॅन: निको, रेन, गार्डियन, ओलोफमायस्टर आणि कॅप्टन कॅरिगन. वेगवेगळ्या देशांतून निवडून आणलेले स्टार. दुसऱ्या बाजूला अमेरिकेची क्लाउड९: टारिक, स्टुई२के, ऑटिमॅटिक, रश आणि स्काडूडल. यातला टारिक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना व्हॅलोरंटचा स्ट्रीमर म्हणून माहीत असेल. हो, तोच.

क्लाउड९ या स्पर्धेत सुरुवातीलाच दोन सामने हरली होती. तिसरा हरली असती तर थेट घरी. तिथून ती फायनलपर्यंत आली. फायनलमध्ये पहिला मॅप मिराज, फेझने १६-१४ ने घेतला. दुसरा ओव्हरपास, क्लाउड९ ने १६-१०. तिसरा आणि निर्णायक मॅप इन्फर्नो. तिथे फेझ १५-११ ने पुढे होती. जिंकायला १६ राउंड लागायचे, म्हणजे फेझला चारपैकी फक्त एक राउंड हवा होता.

तो एक राउंड त्यांना मिळाला नाही. १५-१५ झालं, मग ओव्हरटाइममध्ये १८-१८, आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये क्लाउड९ ने २२-१९ ने सामना मारला. एकट्या इन्फर्नोवर ४१ राउंड, तीन मॅप मिळून ९७. उत्तर अमेरिकेच्या टीमने सीएसची मेजर जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. बक्षीस पाच लाख डॉलर.

आता गंमत बघा. प्रत्येक राउंड म्हणजे नाणं उडवणं आहे असं समजलं, तर सलग चार राउंड जिंकण्याची शक्यता १६ मध्ये एक. त्यापुढे ओव्हरटाइमही जिंकायचा, म्हणजे ३२ मध्ये एक. साधारण तीन टक्के. पण सीएसमधला राउंड हे नाणं नसतं, कारण आधीच्या राउंडचा परिणाम पुढच्या राउंडवर होतो. तो कसा, हे कळलं की स्कोअरबोर्ड वेगळाच दिसायला लागतो.

पटकन नियम

ज्यांनी सीएस खेळलेलंच नाही त्यांच्यासाठी. पाच विरुद्ध पाच. एक बाजू बॉम्ब लावणार, दुसरी अडवणार. एका राउंडला १ मिनिट ५५ सेकंद. बॉम्ब लागला की ४० सेकंदांत फुटतो, डिफ्यूज करायला १० सेकंद लागतात, किट असेल तर ५. राउंडमध्ये मेलात की पुढच्या राउंडपर्यंत बघत बसायचं. तेव्हा अर्धा सामना १५ राउंडचा असायचा, आता काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तो १२ चा आहे आणि १३ राउंड घेणारी टीम जिंकते.

सगळे किल सारखे नसतात

केडी म्हणजे किल भागिले डेथ. २० मारले, १० वेळा मेलात, तर केडी २. हिशोब सोपा आहे, म्हणूनच सगळ्यांना आवडतो.

आता दोन किल डोळ्यांसमोर आणा. पहिला: राउंड सुरू होऊन २० सेकंद झालेत, पाच विरुद्ध पाच आहेत, आणि तुम्ही एकाला टिपलं. आता समोर चारच उरले, त्यांना दोन साइट सांभाळायच्या आहेत, म्हणजे कुठेतरी एकटाच माणूस उभा राहणार. दुसरा: बॉम्ब लागलाय, फुटायला तीन सेकंद राहिलेत, राउंड तुम्ही हरलाच आहात, आणि पळून जाणाऱ्या एकाला मागून मारलं. स्कोअरबोर्डवर दोन्ही किल '१' असेच दिसतात.

दुसऱ्याला 'एक्झिट किल' म्हणतात. तो अगदीच फुकट असतो असं नाही, कारण समोरच्याला पुढच्या राउंडला गन आणि आर्मर परत विकत घ्यावं लागतं. पण पहिल्याची सर त्याला नाही. व्हॅलोरंटने हे आपल्या कॉम्बॅट स्कोअरमध्ये आधीच धरलंय. समोर पाचही जण जिवंत असताना किल केला तर १५० पॉइंट, शेवटच्या उरलेल्याला मारलं तर ७०. त्यामुळे व्हॅलोरंटवाल्यांनी किलपेक्षा एसीएस बघितलेला बरा. तरी तोही अर्धंच सांगतो.

सीएसमध्ये केडीच्या पुढचे दोन आकडे लक्षात ठेवा. एक एडीआर, म्हणजे दर राउंडला सरासरी किती डॅमेज केलं. तुम्ही एकाला ९० डॅमेज दिलं आणि मित्राने उरलेल्या १० वर किल उचलला, तर किल त्याचा, पण काम तुमचं. एडीआर हे दाखवतो. ८० च्या वर असेल तर माणूस चांगला लढतोय.

दुसरा केएएसटी. हा मला जास्त आवडतो. किल, असिस्ट, सर्व्हाइव्ह, ट्रेड या चार शब्दांची ही आद्याक्षरं. किती टक्के राउंडमध्ये तुम्ही यातली निदान एक गोष्ट केली, ते तो सांगतो. म्हणजे तुम्ही एका राउंडमध्ये चौघांना मारलं आणि पुढच्या तीन राउंडमध्ये काही न करता मेलात, तर केडी मस्त दिसेल पण केएएसटी २५ टक्के. ७० टक्क्यांच्या आसपास असेल तर खेळाडू टीमला ओझं होत नाहीये एवढं नक्की. एचएलटीव्ही नावाची साइट २०१७ पासून तिच्या रेटिंगमध्ये हा आकडाही धरते. त्या रेटिंगमध्ये १.०० म्हणजे सर्वसाधारण.

ट्रेड: टीमचा खेळ खरा इथे दिसतो

ट्रेड म्हणजे बदला, पण लगेच. तुमचा मित्र मेला आणि मारणाऱ्याला तुम्ही चार-पाच सेकंदांच्या आत उडवलं, तर तो ट्रेड. पाच विरुद्ध चार झालेलं प्रकरण परत चार विरुद्ध चार. नुकसान शून्य.

कुठल्याही साइटवर घुसताना कुणालातरी पहिलं जावंच लागतं. कोपऱ्यात कोण लपलंय हे त्याला माहीत नसतं, लपलेल्याला मात्र तो येणार हे माहीत असतं. त्यामुळे पहिला जाणारा बरेचदा मरतो. त्याला 'एन्ट्री' म्हणतात. तो मेला हा प्रश्नच नाही. तो मेला तेव्हा मागचा माणूस कुठे होता, हा प्रश्न आहे. दोन पावलं मागे असेल तर ट्रेड होतो. भिंतीआड उभा राहून 'काय होतंय बघू' करत असेल, तर तो मित्र फुकट गेला.

आता आमची गोष्ट. त्या हरलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग, ज्याला डेमो म्हणतात, ते मी दोन-तीन महिन्यांनी सहज उघडलं. ज्याला आम्ही काढलं होतं तो जवळपास प्रत्येक हल्ल्यात पहिला आत गेला होता. दरवेळी त्याच्या मागे दुसरा मी असायला हवा होतो. मी कुठे होतो? एवढा मागे की तो पडल्यावर मारणारा आरामात परत आडोशाला जायचा आणि मग तिथे पोचून मी एकटा लढायचो. त्यातल्या काही लढती मी जिंकलो, म्हणून माझे किल जास्त. माझी केडी चांगली दिसत होती कारण मी उशिरा पोचत होतो. स्कोअरबोर्डवर तो पाचवा होता, मी दुसरा.

त्याला फोन करून सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "तेव्हाच सांगत होतो ना, जवळ ये म्हणून." खरंच सांगत होता. त्या डेमोत आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण मला आठवलं.

पैसा: १५-११ चा खरा अर्थ

आता सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. सीएसमध्ये गन फुकट मिळत नाही. राउंड जिंकलात की प्रत्येकाला ३२५० डॉलर, बॉम्ब फोडून किंवा डिफ्यूज करून जिंकलात तर ३५००. हरलात तरी काहीतरी मिळतं: पहिल्या हारीला १४००, सलग दुसऱ्या हारीला १९००, मग २४००, २९०० आणि शेवटी ३४००. म्हणजे हरत राहिलात की मदत वाढत जाते.

आता खर्च बघा, २०१८ च्या भावाने. बचाव करणाऱ्याची एम४ रायफल ३१००, आर्मर आणि हेल्मेट १०००, डिफ्यूज किट ४००, एक स्मोक ३००, एक फ्लॅश २००. झाले ५०००. हल्ला करणाऱ्याला एके-४७ जरा स्वस्त, २७००. स्नायपरची एडब्ल्यूपी ४७५०, म्हणजे ती घेणारा बाकी सगळ्यांच्या जिवावर जगत असतो म्हणा ना.

तेव्हा एक कडक नियम होता. एक राउंड जिंकला की हारीची शिडी थेट खाली, परत १४०० वर. २०१९ मध्ये हा नियम बदलून शिडी एक-एक पायरीने उतरायला लागली. पण बोस्टनच्या वेळी जुनाच नियम. आता कल्पना करा, एक टीम आत्ताच राउंड जिंकून १५ वर पोचलीय. पैसे गनवर खर्च झालेत, खिशात फारसं काही नाही. पुढचा राउंड पाचही जण मरून हरले, की प्रत्येकाला १४००. त्यात एम४ येत नाही. परत हरले, की १९००. काहीही न विकत घेता दोन्ही राउंडचे पैसे जपले तरी ३३०० होतात, आणि रायफलसोबत आर्मर घ्यायला ४१०० लागतात.

म्हणजे मॅच पॉइंटवर असलेली टीम चार राउंड खेळतेय असं आपल्याला वाटतं, पण त्यातले एक-दोन राउंड ती पिस्तुलांवर खेळू शकते. म्हणून मी वर म्हटलं की तीन टक्क्यांचा हिशोब फसवा आहे. पहिला राउंड घेतला की दुसरा थोडा सोपा होतो. स्कोअर बघणाऱ्याला १५-११ दिसतं. पैसे बघणाऱ्याला दिसतं की पुढे असलेल्या टीमला एक चूक केवढ्याला पडेल.

ओव्हरटाइममध्ये मात्र दोन्ही बाजूंना भरपूर पैसे देऊन सुरुवात होते, त्यामुळे गरीब-श्रीमंत हा फरक बराचसा पुसला जातो. तिथे क्लाउड९ ने जे केलं त्याला पैशाचं कारण देता येत नाही. तो निव्वळ खेळ.

याच कारणामुळे कधीकधी चांगली टीम लढतच नाही. समजा बचावात दोन जण उरलेत, समोर चार, बॉम्ब लागलाय. चॅटमध्ये लोक 'डरपोक, डरपोक' ओरडतात आणि ते दोघं मात्र लांब जाऊन गन वाचवतात. त्याला 'सेव्ह' म्हणतात. वाचवलेली एक रायफल म्हणजे पुढच्या राउंडला तीन हजारांची बचत. यासाठी स्कोअरबोर्डवर कुठलाही रकाना नाही.

आणि किलच्या पैशातही फरक आहे बरं का. रायफलच्या किलला ३००, सबमशीन गनच्या बहुतेक किलना ६००, शॉटगनला ९००, एडब्ल्यूपीला फक्त १००. समोरची टीम पिस्तुलांवर असेल तेव्हा हुशार खेळाडू मुद्दाम स्वस्त सबमशीन गन घेतात.

सगळ्यात खाली असलेला कॅप्टन

प्रत्येक टीममध्ये एक जण राउंडचा प्लॅन सांगतो. त्याला आयजीएल म्हणतात, म्हणजे खेळतानाच टीम चालवणारा. कुठे जायचं, कधी थांबायचं, पैसे आहेत की जपायचे, हे सगळं तो गोळ्या चुकवत ठरवतो. कोच असतो, पण २०१६ मध्ये व्हॉल्व्हने नियम केला की मेजरमध्ये कोचने फक्त ठरलेल्या टाइमआउटमध्ये आणि ब्रेकमध्ये बोलायचं. तेव्हा मॅपला चार टाइमआउट असायचे, प्रत्येकी ३० सेकंद. म्हणजे बाकी सगळा भार आयजीएलवर. साहजिकच त्याचे आकडे बहुतेक वेळा खालीच असतात.

फेझचा कॅरिगन असाच. बोस्टनची फायनल हरल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस फेझने त्याला बाजूला केलं. टीमकडे स्टार तर होतेच. पण मेजर काही मिळाली नाही. २०२१ मध्ये फेझने त्याला परत बोलावलं आणि मे २०२२ मध्ये अँटवर्पच्या मेजर फायनलला तोच कॅप्टन होता. समोर नावी. पहिला मॅप परत इन्फर्नो, परत ओव्हरटाइम, यावेळी १९-१६ फेझकडे. दुसरा न्यूक १६-१०. बोस्टनमध्ये हरलेल्यांपैकी कॅरिगन आणि रेन हे दोघंच या टीममध्ये होते, आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू रेन ठरला.

उलट बाजूही सांगतो. बोस्टन जिंकलेली क्लाउड९ दोनच महिन्यांत फुटली. स्टुई२के मार्चमध्ये दुसऱ्या टीमकडे गेला, काही महिन्यांनी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू टारिकही गेला. नवीन आलेले खेळाडू काही कच्चे नव्हते, पण तशी मजल क्लाउड९ ला परत मारता आली नाही.

मोबाइलवर सामना बघताना

छोट्या स्क्रीनवर सगळं दिसत नाही, म्हणून मी तीनच गोष्टी बघतो. राउंड सुरू व्हायच्या आधीच्या काही सेकंदांत दोन्ही टीमकडे किती पैसे आणि कुठल्या गन आहेत. मग पहिला किल कुणाचा आणि त्याचा ट्रेड झाला का. आणि राउंडच्या शेवटच्या ३० सेकंदांत हल्ला करणाऱ्यांकडे किती स्मोक आणि फ्लॅश उरलेत. सगळं सामान आधीच उडवून झालं असेल तर ती टीम उघड्यावर धावत जाणार, आणि बहुतेक वेळा मरणार. कॉमेंटेटर ओरडायला लागायच्या आधी तुम्हाला राउंड कळेल, यात मजा आहे.

कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलच्या सर्च अँड डिस्ट्रॉयमध्ये पैशाचा भाग नाही, पण पहिला किल आणि ट्रेड तसाच लागू. व्हॅलोरंटला क्रेडिट्स असल्यामुळे जवळपास सगळंच लागू. बीजीएमआयवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं आहे: तिथे १६ टीम एकाच मॅपवर असतात आणि किलला एक पॉइंट, पहिल्या नंबरला दहा, दुसऱ्याला सहा अशी वाटणी असते. त्यावर वेगळा लेख लागेल.

स्वतःचे सामने तपासायचे असतील तर काउंटर-स्ट्राइक २ मध्ये वॉच मेनूतून 'युअर मॅचेस' उघडा आणि डेमो डाउनलोड करा. सगळा बघत बसू नका. फक्त तुमच्या टीमचा पहिला माणूस मेला ते क्षण शोधा, तिथे थांबवा आणि मॅपवर स्वतःचा ठिपका कुठे आहे ते बघा. आम्ही हे आता दर रविवारी करतो, पाचही जण. तो मित्र परत आलाय. अजूनही तोच पहिला घुसतो, आणि स्कोअरबोर्डवर अजूनही बहुतेक वेळा पाचवाच असतो.